डोळ्यांची आखणी आणि नानांची झोप

कोणत्याही कौटुंबिक व्यवसायाचा खरा आधार म्हणजे घरातल्या कर्त्या पुरुषाची दुपारची झोप. भांडवल, कसब आणि गिऱ्हाईक यांचा नंबर त्यानंतर लागतो. ही झोप नियमित आणि गाढ असेल तर व्यवसाय पिढ्यानपिढ्या टिकतो. आमचा टिकला आहे.

पाथर्डी फाट्याजवळ, घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही शाडूचे गणपती करतो. मुख्य कारागीर, व्यवस्थापक आणि अंतिम शब्द ही तिन्ही पदं माझ्या वडिलांकडे, म्हणजे नानांकडे (वय एकोणसत्तर) आहेत. माती मळणं, मूर्ती साच्यातून काढणं, घासणं, रंगवणं ही किरकोळ कामं मी, आई आणि माझी बायको निकिता करतो. डोळे मात्र फक्त नाना काढतात. याला आमच्यात आखणी म्हणतात. आखणी चालू असताना बोलायचं नाही, शिंकायचं नाही आणि ज्याचा मोबाइल वाजेल त्याने आठ दिवस माती मळायची, असा नियम आहे. (नानांचा वाजला तर तो फोन महत्त्वाचा असतो.)

चार वर्षांपूर्वी आखणीत काही बदल आढळून आले. मी रीतसर पाहणी केली. एकशे चाळीस मूर्तींपैकी एकसष्ट मोदकाकडे पाहत होत्या, चव्वेचाळीस उंदराकडे, एकतीस शेजारच्या मूर्तीकडे आणि चार एकाच वेळी दोन्ही भिंतींकडे. समोर भक्ताकडे पाहणारी एकही नव्हती. नानांना मोतीबिंदू झाला असणार, हे उघड होतं. हे त्यांना सांगायचं कोणी, यावर घरात सविस्तर चर्चा झाली आणि कोणीच सांगायचं नाही असं एकमताने ठरलं.

त्यातून पुढील कार्यपद्धती तयार झाली:

(१) नानांनी सकाळी आखणी करावी.
(२) उपस्थितांनी 'वा' म्हणावं. एकदाच म्हणावं, दोनदा म्हटल्यास संशय येतो.
(३) नानांनी जेवून दोन ते चार झोपावं.
(४) सदर वेळेत निकिताने ते डोळे पांढऱ्या रंगाने झाकून नवे काढावेत.
(५) चहानंतर नानांनी मूर्ती पाहून "जमलंय" म्हणावं.

माझ्याकडे देखरेख होती, म्हणजे नानांच्या घोरण्याकडे कान ठेवणं. हे जबाबदारीचं काम आहे.

पद्धत चारही हंगाम बिनचूक चालली. अंबडच्या एका कारखान्यातले गृहस्थ मूर्ती नेताना म्हणाले, "नाना, नजरेसमोरून हलावंसं वाटत नाही बघा." नाना म्हणाले, "हाताला वळण लागतं, दुसरं काय." निकिता तिथेच ब्रश धूत होती. तिने तो बराच वेळ धुतला.

गैरसोय एकच होती. आखणी नेमकी श्रावणात येते. निकिताचं माहेर चांदवडचं, आणि चार वर्षं ती नागपंचमीला तिकडे गेली नव्हती. मला फार वाईट वाटायचं. मी तिला तसं बोलूनही दाखवायचो, पण चारनंतर, कारण त्याआधी तिचं लक्ष विचलित करणं बरोबर नव्हतं.

यंदा मे महिन्यात तिने नोटीस दिली. "अहो, यंदा मी जाणार. नानांना खरं सांगा, नाहीतर डोळ्यांचं ऑपरेशन करून आणा."

दोन्हींपैकी ऑपरेशन सोपं होतं. ज्येष्ठ कारागिरांना डोळे तपासल्याचा दाखला लागतो, असं सांगून मी नानांना दवाखान्यात नेलं. मोतीबिंदू निघाला. (या वयात शोधला की सापडतोच.) जूनअखेर दोन्ही डोळे स्वच्छ झाले. श्रावणात निकिताची बॅग भरून दाराशी आली, आणि नानांनी नव्या नजरेने वीस मूर्तींची आखणी केली. आम्ही एकदा 'वा' म्हणालो. अकरा मूर्ती मोदकाकडे पाहत होत्या.

मी स्वयंपाकघरात गेलो. आई तांदूळ निवडत होती, म्हणजे खडे बोटांनी चाचपत होती. निकिता शेजारी उभी होती.

"आई, ऑपरेशन फसलं."

"फसलं नाय. ह्यांचा हात पहिल्यापासून तिरका हाय," आई म्हणाली. "लग्न होऊन आले तवापासून मीच पुसून काढायचे. तुम्ही सगळे दुपारचे झोपायचे."

"मग बंद का केलंस?"

"दिसंना मला. झाली चार वर्षं."

"सांगितलं का नाहीस?"

"कोणी इचारलं?"

म्हणजे घरात मोतीबिंदू आहे हे आमचं निदान अचूक होतं, फक्त पत्ता चुकला होता. मला आईकडे बघवेना. निकिताने विचारलं, "आई, श्रावणात तुम्ही माहेरी कधी गेलात?"

"एकदा. त्या साली समदे गणपती उंदराकडं बघतच गेले."

निकिताने दुसरी बॅग काढली, तिच्यात आईची लुगडी भरली आणि दोघी चांदवडच्या एसटीत बसल्या. जाताना ती म्हणाली, "चार दिवस तुम्ही बघा."

मी बघितलं. नाना झोपले की मी डोळे झाकायचो आणि नवे काढायचो. चार दिवसांत छत्तीस मूर्ती झाल्या. हे काम बायका उगाच अवघड करून सांगतात, असं माझं प्रामाणिक मत झालं.

दोघी परतल्या. निकिताने सगळ्या मूर्ती ओळीने पाहिल्या आणि 'वा' म्हणाली. मग म्हणाली, "अहो, फार दमलात. आता आखणीत नानांना तुम्हीही हात द्या, पण दुपारी जरा पडत जा." त्याच आठवड्यात तिने आईचं ऑपरेशन करून घेतलं. दोघींना आता स्पष्ट दिसतं.

तेव्हापासून नाना आणि मी सकाळी आखणी करतो आणि दोन ते चार झोपतो. उठून पाहावं तर मी काढलेले डोळे सकाळपेक्षा सरस वाटतात. रंग वाळला की काम उठून दिसतं, असं नाना म्हणतात. घरात माझा मान वाढला आहे, हे मलाही जाणवतं.

वाचकहो, तुमच्या कामाला घरचे मोजून एकदा 'वा' म्हणतात का? आणि नंतर जरा पडायला सांगतात का? सांगत असतील तर खुशाल पडा. चारच्या आत मात्र उठू नका.