वाईट बातमी असल्यास आधी पाणी मागावे

आमच्या शेजारच्या चनबसप्पा अण्णांच्या फाटकावर एक पाटी आहे. 'घंटा काढली आहे. हळू हाक मारावी. वाईट बातमी असल्यास आधी पाणी मागावे.'

पाटीला हसणारे पुष्कळ आहेत, पण नियम सगळे पाळतात. एकदा उन्हातून आलेल्या कुरिअरवाल्याने सहज पाणी मागितलं, तर अण्णा मटकन खुर्चीत बसले आणि म्हणाले, "सांगा आता. कोण गेलं?"

चादरींचं दुकान पुतण्याच्या हवाली केल्यापासून अण्णांनी शांतता राखण्याचा एकच धंदा चालवला आहे. शिट्टी नको म्हणून घरात कुकर नाही, डाळ पातेल्यात शिजते. मोबाईल कायम मुका. वर्तमानपत्र दुसऱ्या दिवशी वाचतात, कारण "शिळी बातमी पचायला हलकी." क्रिकेटचा सामना पाहतात तोही निकाल कळल्यावर, आणि आपण जिंकलो असलो तरच.

"शुगर जिभेनं वाढत न्हाय, मास्तर. धास्तीनं वाढती."

कुणा डॉक्टरांनी त्यांना सिंपथेटिक नर्व्हस सिस्टीम समजावून सांगितली होती. अण्णांनी तिचं नाव ठेवलं भोंगा. त्यांच्या लहानपणी गिरणीच्या भोंग्यावर अख्खं सोलापूर उठायचं, तसलाच एक अंगातही असतो म्हणे.

"वाघ दिसला की भोंगा वाजतो. लिव्हर साठ्यातली साखर रक्तात सोडतंय. पळायला ताकद पायजे की! पण हितं वाघ कुटला? नुसती दाराची घंटा. पळतंय कोण? साखर बसली रक्तात तशीच."

"आणि हे पोट?" मी विचारलं.

"त्योच भोंगा. रोज वाजला की झोप उडती, भूक चाळवती, चरबी साठती."

मी शाळेत विज्ञान शिकवतो. त्यांचं बोलणं अगदीच खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत. त्या पोटात भाकरी, शेंगाचटणी आणि वरच्या तुपाचाही वाटा होता, तो तेवढा त्यांनी भोंग्याच्या माथी मारला होता.

अक्कांनाही शुगर. अक्का म्हणजे अण्णांच्या पत्नी. मोतीबिंदू इतका पिकलेला की रांगोळी सुटली, तांदूळ निवडायला माझ्या बायकोला हाक मारावी लागे. शुगर उतरल्याशिवाय ऑपरेशन नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. आणि अक्कांचा भोंगा असा की दवाखान्याचा वास आला तरी वाजायचा. शुगरपायी आपल्या आईचा पाय गेलेला त्यांनी पाहिला होता. घरी बरी असलेली शुगर तिथं गेलं की चढायची आणि ऑपरेशन पुढं जायचं.

परवा मी दोघांना रिक्षाने घेऊन गेलो. अण्णा लगबगीने पुढं झाले. "पयलं माजं बोट." सुई टोचली तसे हसले. "बघ गं, मुंगी चावल्यागत."

मशीनवरचा आकडा मी पाहिला. तो माझ्यापेक्षाही चांगला होता!

अक्का आत होत्या तेव्हा बाहेरच्या बाकावर अण्णांनीच सांगितलं. "मला कुटली शुगर, मास्तर? हिला निगाली तवा ही जेवंनाच झाली. म्हटलं, मलाबी हाय की, भितीस कशाला? तवापासनं बिनसाखरेचा चहा. हुग्गी तर वासालाबी न्हाय. पण हिला सांगू नका. धास्ती घेईल."

हुग्गी म्हणजे गव्हाची गुळातली खीर. एके काळी लिंगायतांच्या पंगतीत अण्णांपुढून हुग्गीचं पातेलं हलत नसे, हे मी स्वतः पाहिलेलं आहे. मला त्या माणसाचं फार कौतुक वाटलं.

त्या दिवशी अक्कांची शुगर एकदाची उतरलेली निघाली. गोळ्या, पथ्य आणि अण्णांचं बोट, तिन्ही कामी आली. ऑपरेशन पुढच्या आठवड्यात ठरलं.

दुसऱ्या दिवशी अक्का भिंत धरत धरत आमच्या दारात आल्या. हळू हाक मारून म्हणाल्या, "मास्तर, आदी पाणी द्या."

मी तांब्या घेऊन धावलो.

"वाईट न्हाय हो काई, घसा सुकलाय," त्या हसल्या. पाणी पिऊन पदराखालून डबा काढला. "हुग्गी हाय. ह्यांना तुमच्यात बोलवून खाऊ घाला. माज्यासमोर खायचे न्हाईत."

"पण अक्का, अण्णांना शुगर..."

"कशाची शुगर? बोट टोचून घेताना एवढा खूश होणारा माणूस आजारी असतोय व्हय? मला पयल्यापासनं ठावं हाय. पण त्यांना सांगू नका, मास्तर. धास्ती घेतील."

संध्याकाळी मी अण्णांना बोलावलं. बायकोने हुग्गी केलीय, अक्कांना काही कळणार नाही, अशी थाप मारली. अण्णांनी पहिला घास तोंडात घेतला आणि तसेच थांबले. मग वाटी खाली ठेवली.

"मास्तर, आदी पाणी द्या."

मी पाणी दिलं. ते सावकाश प्यायले. भिंतीपलीकडे त्यांच्या स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज येत होता, तिकडे बघत राहिले.

"हा हात हिचा हाय. म्हंजे हिला ठावं हाय तर."

अण्णांनी वाटी पुन्हा उचलली, चाटूनपुसून साफ केली आणि माझ्यापुढे धरली.

"वाढा अजून. आन् मला कळलंय हे हिला सांगू नका. आपरेशन होऊस्तोर धास्ती नको."