टिकाऊ ठिपका

हंबीररावांच्या लेकीला, विजयमालेला, पहिली मुलगी झाली आणि बारशाला सगळं गाव जेवलं, ते साल एकोणीसशे सत्त्याहत्तर. शिराळ्याच्या पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या या गावात त्याच साली एक मोठं सत्य सिद्ध झालं. माणसाला जे दिसतं ते डोळ्यांमुळं दिसत नाही. चार लोकांना दिसतं, म्हणून आपल्यालाही दिसतं.

बारशाला हंबीररावांचा पुतण्या मानसिंग आला होता. तो मालवाहू जहाजावर नोकरीला. त्यानं बाळाला झबलं आणलं होतं, ते कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. कारण चुलत्यासाठी त्यानं स्वीडन देशातून एक वीतभर लांबीची काळी नळी आणली होती. ही नळी बंदुकीवर बसवायची आणि आतून बघायचं. समोर हवेत एक लाल ठिपका तरंगताना दिसतो. ठिपका जिथं, बार तिथं. डोळा मिटायला नको, नेम धरायला नको. नळीबरोबर आलेल्या कागदावर लिहिलेलं मानसिंगनं वाचून दाखवलं: वस्तू टिकाऊ आहे, व्यवहारी आहे, पाण्यात पडली, दगडावर आपटली तरी बिघडत नाही. गावानं माना हलवल्या. एवढे गुण गावातल्या एकाही माणसात नव्हते.

हंबीरराव पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. गावात बंदूक एकच, त्यांची एकनळी, आणि तिचा परवाना पिकाच्या संरक्षणासाठी मिळालेला. पीक म्हणजे ऊस आणि शत्रू म्हणजे रानडुक्कर. हंबीररावांनी तरुणपणी लय डुकरं पाडली. पण गेली काही वर्षं दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता. शेवटचा बार त्यांनी टाकला तो लालासाहेब सरपंचांच्या आंब्याला लागला. (आंबा पुढच्या वर्षी जास्त फळला, ही गोष्ट वेगळी.) डोळ्यांचं बोलणं कुणी काढलं तर हंबीरराव म्हणत, "डोळं ठीक हायती. डुकरंच आता पयल्यासारखी उभी ऱ्हाईनात." त्यामुळं नळीचा सगळ्यात जास्त आनंद त्यांना झाला. तिच्यामुळं डोळ्यांचा विषय कायमचा मिटणार होता.

बारशाच्या पंगतीपेक्षा ठिपका बघायची रांग मोठी झाली. बघणाऱ्यांतल्या निम्म्यांना ठिपका दिसला. उरलेल्यांनी नळी उलटी धरली होती, पण दिसला म्हणून त्यांनीही सांगितलं. मागं माणसं खोळंबलेली असताना दिसला नाही म्हणणं बरं दिसत नाही.

मानसिंग जाताना बजावून गेला, "तात्या, बघून झालं की हे बटण फिरवून बंद करायचं. आत सेल आहे."

तो वळल्यावर हंबीररावांच्या पत्नी राहीबाई म्हणाल्या, "काय तरीच पोराचं. घरात आल्याला उजेड कुनी मालवत असतंय व्हय?"

म्हणून नळी देव्हाऱ्यात, समईच्या शेजारी, अखंड तेवत ठेवण्यात आली. विझू नये म्हणून तिच्या बटणाला कुणी हातही लावला नाही. पुढं कधीतरी आतला ठिपका गेला. तो नेमका कधी गेला याची नोंद नाही, कारण तो दिसत नाही असं म्हणणारा माणूस गावात राहत नव्हता. फक्त हंबीररावांना मनातून कळलं, आणि त्यांना वाटलं, आपले डोळेच गेले. त्यांनी ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. माळावर बसून एकटेच नळीत बघत राहायचे आणि कुणी आलं की म्हणायचे, "वा, काय ठिपका हाय."

दरम्यान नळी बंदुकीवर चढवण्याचं काम पीरमहंमद मिस्त्रींकडं गेलं. ते पाण्याचे पंप दुरुस्त करत. त्यांनी पंपाच्या पायपाच्या दोन क्लिपा आवळून नळी अशी पक्की बसवली, की बंदूक मोडली असती पण नळी निघाली नसती. नळीच्या आडोशाला बंदुकीच्या टोकावरचा जुना पितळी मणी गेला. त्या मण्यावर पूर्वी नेम धरत.

"मनी दिसंना की मिस्त्री," हंबीरराव म्हणाले.

"दादा, मोटार घेतल्यावर बैलाचं शेपूट कशाला बगायचं?" पीरमहंमद म्हणाले. "आता बार चुकला तर नळीला इचारा. मला न्हाई."

मग ग्रामसभा भरली. आजवर उसात डुक्कर शिरलं की घरटी एक माणूस पाळीनं राखणीला जाई. चौघं जण बांधावर शेकोटी करून पत्र्याचे डबे बडवत. ही पद्धत अडाणीपणाची होती, तिला खर्च येत नसे आणि डुकरं पळून जात. लालासाहेबांनी ठराव मांडला: "ज्याअर्थी गावास परदेशी बनावटीचे टिकाऊ व व्यवहारी साधन प्राप्त झाले आहे, त्याअर्थी राखणीची पाळी या ठरावान्वये बंद करण्यात येत आहे. डुकरांनी याची नोंद घ्यावी." ठराव एकमतानं मंजूर झाला. राखणीला जायला कुणालाच नको होतं, हे कारण ठरावात घातलेलं नाही.

या ठरावाचा खरा भार पडला हरिबावर. हरिबाचा ऊस गावाच्या अगदी शेवटी, रानाला लागून. हंबीरराव आणि तो एका आळीत वाढलेले. त्याच्या उसात एक मोठं सुळेवालं डुक्कर दरवर्षी घर करून राही.

"मी एकटा कसा काय राखू?" हरिबानं सभेत विचारलं.

"एकटा कसा? हंबीरदादा हायती की. ठिपका हाय," सभेतून उत्तर आलं.

हरिबा हंबीररावांकडं बघून म्हणाला, "व्हय, दादा हायती. मग झालं."

खंडेनवमी आली. घरातली सगळी हत्यारं मांडली. विळा, खुरपं, कुऱ्हाड, पाण्याचा पंप आणि मधोमध बंदूक. राहीबाईंनी प्रत्येकाला हळदकुंकू लावलं. नळीला कुठं लावायचं, असा त्यांना प्रश्न पडला. तोंडाला लावावं असा रिवाज आहे, म्हणून त्यांनी कुंकवाचं ओलं बोट नळीच्या पुढच्या काचेवर मधोमध टेकवलं. शेजारच्या बायका बघत होत्या.

संध्याकाळी हंबीररावांनी बंदूक खांद्याला लावली आणि तशीच धरून ठेवली.

"राही," ते म्हणाले, "ठिपका दिसतोय."

"दिसनारच की."

"आगं, पयल्यापेक्षा ठसठशीत. डोळं सुदारलं माजं."

राहीबाईंनी त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. किती तरी महिन्यांनी ते तोंड असं फुललं होतं. तेव्हापासून रोज सकाळी पूजा झाली की त्या एक बोट नळीला लावू लागल्या. एकदा त्यांनी विचारलंसुद्धा, "ठिपका बारका बरा का मोटा?" हंबीरराव म्हणाले, "मोटाच बरा. डुक्कर मोटं हाय."

गोष्ट पाणवठ्यावरून चावडीत आणि चावडीवरून हॉटेलात गेली. गाव पोट धरून हसलं. हंबीरराव दिसले की लोक मुद्दाम थांबवून विचारत, "दादा, आज ठिपका कसा काय हाय?" आणि दादा म्हणत, "लालभडक." यात कुणाचं काही वाईट होत नव्हतं. म्हाताऱ्याला सुख होतं, गावाला करमणूक होती, राखण बंद होती.

दिवाळीला प्रात्यक्षिक झालं. बाभळीला माठ टांगला. हंबीररावांनी बार टाकला. माठ जागेवर राहिला आणि देवळावरच्या कर्ण्याची चाळण झाली. गावानं बसून कारणं शोधली. वारा होता. माठ कच्च्या भट्टीचा होता. शिवाय कर्णा तसाही खरखरतच होता. नळीत दोष आहे असं कुणी म्हटलं नाही. नळी स्वीडनची होती.

घरी जाताना हरिबानं हंबीररावांचा हात धरला. "दादा, ती नळी काढून मन्यावर मारून बगू या का एकदा?"

"का रं? तुला बी डोळ्याचं बोलायचंय का?"

"न्हाई, न्हाई. दिसतोय न्हवं ठिपका?"

"झ्याक दिसतोय."

"मग झालं," हरिबा म्हणाला आणि हात सोडला.

माघात हरिबाच्या उसाला तोड आली. तोडणी चारी बाजूंनी आत सरकत गेली आणि सकाळी नऊच्या उन्हात मधे एवढीशी पट्टी उरली. जनावर त्यातच दबून बसलं होतं, पाचटाची सळसळ ऐकू येत होती. पूर्वी अशा वेळी सगळं गाव डबे घेऊन उभं असे. आता बांधावर हंबीरराव होते, आणि त्यांच्या पुढं, पट्टीच्या तोंडाशी, कोयता घेतलेला हरिबा. ऊसतोडणीची माणसं गाडीवर चढून बसली होती.

"दादा, इकडनंच निगंल. दिसतंय न्हवं?"

"ठिपका दिसतोय."

"आन् डुक्कर?"

"ठिपक्याच्या मागं आसंल की."

ते खरोखर ठिपक्याच्या मागं होतं. हरिबा वेळेत बाजूला झाला नसता तर तोही ठिपक्याच्या मागंच असता, इतका ठिपका मोठा होता. बार झाला. छर्रे वरच्या वर शेंड्यांतून गेले. डुक्कर सरळ आलं. त्यानं हरिबाची मांडी उभी फाडली, हंबीररावांना उलथवलं आणि बंदुकीवर पाय देऊन डोंगराकडं गेलं.

रीतसर पंचनामा झाला. त्यात लिहिलं आहे की नळी चिखलातून काढून तपासली असता काच शाबूत, क्लिपा घट्ट, आणि ठिपका जागेवर आढळला. कागदावर जे गुण लिहिले होते ते शब्दशः खरे ठरले.

त्या संध्याकाळी हंबीररावांनी धोतराच्या सोग्यानं काच पुसली. सोगा लाल झाला. पुन्हा नळीत बघितलं तर ठिपका नव्हता. ते राहीबाईंना म्हणाले, "तुला ठावं हुतं?"

"आवं, समद्या गावाला ठावं हुतं. तुमी लय खूश हुता."

कुणी तरी एकानं सांगायला हवं होतं, असं वाचणाऱ्याला वाटेल. वाटणं बरोबर आहे. पण ठिपका कुंकवाचा आहे हे तुम्हालाही खंडेनवमीपासून ठाऊक होतं, आणि बंदुकीपुढं कोण उभा राहणार हेही. तुम्ही हसत हसत इथवर आलात. गावही असंच आलं.

हरिबा दवाखान्यात नेताना शिराळ्याच्या अलीकडं बैलगाडीत वारला, माघ वद्य पंचमीला, अठ्ठ्याहत्तर साली, दुपार व्हायच्या आत.