दोनच सीटांची गाडी

आमच्या घरी नवा फ्रिज आला, त्या दिवशी शेजारचे देवरावभाऊ तो पाहायला आले. त्यांनी दार उघडून पाहिलं नाही की बर्फ किती वेळात होतो ते विचारलं नाही. फ्रिजसमोर उभे राहून त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, मग त्याच्याकडे पाठ केली आणि तरातरा दारापर्यंत चालत गेले. दाराशी पोचताच गर्रकन वळून त्यांनी फ्रिजकडे रोखून पाहिलं. फ्रिज होता तिथेच होता. "चांगला हाय," असं म्हणून ते खुर्चीत बसले आणि त्यांनी चहा मागितला.

आम्ही तेव्हा मूल या गावात नवीन होतो. मी इथल्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायला आलो होतो आणि शेजारी कसे आहेत याचा बायको अंदाज घेत होती. तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मला अजून आठवते. चहा पिता पिता देवरावभाऊंनी आपणहूनच उलगडा केला.

"सर, बजारात बैलाच्या समोर उभं राहून पाहाल तं बैल तुमाले फसवते. मान वर करते, डोळे मोठे करते. त्याले पाठ दाखवा अन् निंगा. मंग एकदम फिरून पाहा. जो बैल जाणाऱ्या माणसाकडे पाहून राह्यला, तो कामाचा. ज्यानं लगेच चाऱ्यात तोंड घातलं, तो घरी आल्यावर बी तेच करन."

"पण भाऊ, हा तर फ्रिज आहे."

"सवय हाय सर. आता फ्रिज बैल नोय म्हून सवय मोडाची का?"

ती सवय त्यांनी कुठेच मोडली नाही. पंखे, पंप, मिक्सर, पुतणीला पाहायला आलेली मुलं, सगळ्यांना त्यांनी पाठ दाखवलेली आहे. एक बिचारा मुलगा त्या वेळी नेमका पोह्यांच्या बशीत पाहत होता. तो नापास झाला. चांगला शिकलेला होता म्हणतात.

देवरावभाऊंची धानाची मिल आहे आणि ती उत्तम चालते. पण त्यांची खरी ओळख मिलवाले अशी नाही. तरुणपणी ते शंकरपटातले नावाजलेले धुरकरी होते. पट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, आणि धुरकरी म्हणजे बोटभर फळीच्या छकड्यावर उभा राहून ती जोडी वाऱ्यासारखी पळवणारा माणूस. मधली काही वर्षं पट बंद पडले, तेव्हा त्यांनी जोडी विकली. पट पुन्हा सुरू झाले तोवर भाऊंच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला होता.

असे हे देवरावभाऊ गेल्या वर्षी धान निघाल्यानंतर एका सकाळी माझ्याकडे आले आणि म्हणाले, "सर, मले स्पोर्ट कार घ्याची हाय. दोन सीटवाली. पण नवी घ्याव का थोडीशी चाललेली, हे ठरून नाई राह्यलं. तुमी सायन्सवाले, तुमी सांगा."

मी किक मारून चालू होणाऱ्या स्कूटरवर कॉलेजला जातो. गाड्यांबद्दलचं माझं ज्ञान त्या किकेपाशी संपतं. पण भाऊंपुढे सायन्सची लाज राखायची म्हणून मी फोनवर शोधाशोध केली आणि लोकांनी लिहिलेली मतं त्यांना मोठ्याने वाचून दाखवू लागलो. ते डोळे मिटून ऐकायचे आणि प्रत्येक मताचा बैल करायचे.

"नवी गाडी म्हणजे गोऱ्हा," ते म्हणायचे. "रंगरूप मस्त. पण त्याले काहीच माहीत नाई. सारं शिकवा लागते. थोडी चाललेली म्हणजे शिकलेला बैल. पण सर, कोणाच्या हातानं शिकला? मालक खुन्नसवाला असन तं बैल बी तसाच होते." दुसऱ्या दिवशी याच्या बरोबर उलट बोलायचे. सगळा हिवाळा हा खल चालला. चहाच्या टपरीवर, मिलमध्ये, तलावाच्या पाळीवर, जो भेटेल त्याला ते विचारायचे, "नवी का चाललेली?" मूलमध्ये नवीवाले आणि चाललेलीवाले असे दोन तट पडले. एका लग्नाच्या पंगतीत तर वरणभात थंड झाला.

घरात मात्र एकच तट होता आणि तो विरोधकांचा होता. भाऊंचं घर म्हणजे जत्रा. भाऊ, भावजया, पुतणे, सुना, नातवंडं, माहेरी आलेल्या बहिणी, सगळे एकाच छपराखाली. त्यांच्या दारात आजवर जे वाहन आलं ते भरूनच चाललं. बैलगाडी होती ती भरून, जीप घेतली ती भरून, आत्ताची मोठी गाडी आहे ती तर अशी भरते की शेवटचा माणूस आत गेल्यावर दार बाहेरून कोणीतरी दाबावं लागतं.

"काका, माणसं किती अन् सीटा किती?" मोठ्या पुतण्याने एकदा हिशेब मांडलाच.

"दोन," भाऊ म्हणाले. बस, एवढंच.

मीही माझ्या परीने समजावलं. आपले रस्ते, आपले गतिरोधक, गाडीचं पोट जमिनीला घासेल. जंगलातून जाताना आडवा वाघ आला तर ही गाडी त्याच्या पायांमधून निघून जाईल आणि त्याला कळणारही नाही. भाऊ हसले. "मंग चांगलंच हाय ना सर."

सगळं गाव एकच समजत होतं, आणि मीही तेच समजत होतो, की म्हाताऱ्याला पट आठवतोय. पायाखाली वेग पाहिजे, कानाला वारा लागला पाहिजे. त्यात वाईट काय? पण त्यांच्या पत्नीचं, सुमनबाईंचं, काय?

सुमनबाई कमी बोलतात. त्यांच्या लग्नाची हकीकतसुद्धा मला त्यांच्या नणंदेकडून कळली. भाऊ त्यांना पाहायला गेले तेव्हाही त्यांनी तेच केलं. चहा घेतला, उठले, पाठ करून दारापर्यंत गेले आणि गर्रकन वळले. सुमनबाई त्यांच्याकडेच पाहत होत्या. नणंदेने हे सांगितलं तेव्हा सुमनबाई पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "कोणता माणूस असा चालते, म्हून पाह्यलं म्या."

गाडीबद्दल त्यांना विचारलं तर त्या साधेपणाने म्हणाल्या, "घेऊ द्या ना त्याईले. पण सर, मले एक समजत नाई. त्या गाडीले मागची सीटच नाई म्हणते. मंग मी कुठी बसन?"

मी हसलो. तेव्हा मला ते विनोदी वाटलं होतं.

शेवटी एका रविवारी भाऊ मला घेऊन नागपूरला गेले. आधी नव्या गाड्यांच्या शोरूममध्ये. लाल, चकचकीत, कमरेएवढी गाडी उभी होती. टाय लावलेल्या विक्रेत्याने किल्ली भाऊंच्या हातात दिली आणि गाडीचे गुण सांगायला सुरुवात केली. भाऊंनी ते शांतपणे ऐकले, किल्ली खिशात टाकली आणि गाडीकडे पाठ करून तरातरा निघाले. विक्रेता गोंधळून माझ्याकडे पाहू लागला. तेवढ्यात गाडी 'पिप्' असं बोलली आणि तिने दोन्ही बाजूंचे आरसे आत मिटून घेतले. त्याच क्षणी भाऊ वळले.

"कान पाडले!" ते ओरडले. "सर, पाह्यलं का? मालक निंगाला अन् यानं कान पाडले!"

विक्रेत्याने समजावलं की किल्ली लांब गेली की गाडी आपोआप कुलूपबंद होते, आरसे मिटतात, हे मुद्दाम दिलेलं फीचर आहे. भाऊंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "फीचर असन बाबू. पण गुण चांगला नाई."

तिथून आम्ही एका तरुण जोडप्याकडे गेलो. त्यांची वर्षभर वापरलेली गाडी विकायची होती. व्यवहार फोनवर, फोटो पाहून होत होता, पण गोठा पाहिल्याशिवाय बैल घ्यायचा नाही असा भाऊंचा नियम. त्यांचा गोठा म्हणजे इमारतीच्या तळमजल्यावरचं पार्किंग. तिथे हीसुद्धा लालच गाडी उभी होती, डाव्या बाजूला एक बारीक ओरखडा होता. तरुण इंजिनाबद्दल भरभरून सांगू लागला. त्याची बायको खांद्यावर तान्हं बाळ थोपटत बाजूला उभी होती.

भाऊंनी इंजिनाला मध्येच थांबवलं. "इतकी चांगली हाय तं काऊन विकून राह्यले?"

ती मुलगी हसली. "काका, आता आम्ही तीन झालो ना. हिच्यात तिसऱ्याला जागाच नाही." मग बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेत म्हणाली, "खरं सांगू? मला जिवावर आलंय. आमच्या घरी खूप माणसं. दिवसभर दोघांना बोलायलाच मिळायचं नाही. मग आम्ही संध्याकाळी हिच्यात बसून निघायचो. कुठे जायचं ते ठरलेलं नसायचं. नुसतं बोलत फिरायचो."

भाऊंनी डावीकडचं दार उघडलं, वाकून त्या सीटवर तळवा ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. सीट किंचित दबलेली होती. "घेतली," ते म्हणाले.

मी त्यांना कोपराने ढोसलं. "भाऊ, पाठ नाही दाखवली?"

"आता काय पाठ दाखवता सर," ते हळूच म्हणाले. "हिले दोघायची सवय हाय. नव्या गाडीले ते कोण शिकवन? मलेच येत नाई."

तरुणाने किल्ली दिली, तिला छानशी साखळी होती. भाऊंनी ती सोडवून त्याला परत केली. आमच्याकडे बैल विकला तरी त्याचं दावं विकत नाहीत, ते ज्याचं त्याने ठेवायचं, असं त्याला समजावून सांगितलं. मग खिशातून आपल्या जुन्या जोडीच्या दाव्याचा वीतभर तुकडा काढला आणि किल्ली त्याला बांधली.

परतीच्या वाटेवर ते आपणहून बोलले. "लग्न करून आणली तवा बैलाच्या खासरात ती मागं होती सर, बहिणीयच्या मंधात. जीप आली तं मागं, पोट्टं मांडीवर घेऊन. तिची दाढ काढाची होती तं आमी सात जणं गेलो दवाखान्यात. दोघंच असे आमी कुठी गेलोच नाई. मी पटाले जाओ, तं छकड्यावर दुसऱ्याले जागाच नसे. मोठी गाडी घेतली का भरते. कोणाले नाई म्हणता येत नाई, आपलेच हायेत सारे. म्हून म्हटलं, अशी गाडी घ्याव का तिच्यात जागाच नाई."

गाव ज्याला पटाची खाज म्हणत होतं, ते हे होतं. मला त्या माणसाचं फार प्रेम वाटलं, हे इथे सरळच सांगून टाकतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या दारात ही गर्दी. पुतणे, नातवंडं, बहिणी, सगळे चक्कर मारायला तयार. एक बहीण तर पर्स घेऊनच आली होती. "दादा, मले बसस्टॉपपावतर सोड ना."

"जागा नाई!" भाऊ म्हणाले. मी त्यांना इतक्या आनंदात कधी पाहिलं नव्हतं. "तूच पाह्य ना बाई. जागाच नाई."

सुमनबाई नवं लुगडं नेसून बाहेर आल्या. हातात पुऱ्यांचा भलामोठा डबा होता, सवयीने साऱ्यांपुरता भरलेला. त्या गाडीला फेरी मारून मागे गेल्या, मागचं दार शोधू लागल्या. भाऊंनी पुढचं दार उघडलं. "इथी. इथी बस."

"पुढं?" त्या म्हणाल्या आणि सगळ्यांकडे पाहून अशा लाजल्या की बघणारेच खाली पाहू लागले. सुनांनी दोन्हीकडून धरून त्यांना त्या खोल सीटमध्ये उतरवलं. डबा मांडीवर राहिला.

मूलचा एके काळचा नामी धुरकरी स्पोर्ट कार हाकणार म्हणून गल्लीतल्या लोकांनी मुलं मागे ओढली, कोंबड्या हाकलल्या. गाडी गुरगुरली आणि निघाली. बैलगाडीच्या चालीने. गवताचा भारा लादलेला एक सायकलवाला घंटी वाजवत तिच्या पुढे निघून गेला.

त्याच दुपारी मला कामासाठी गडचिरोलीच्या रस्त्याला जावं लागलं. व्याहाडच्या अलीकडे मी आयुष्यात प्रथमच एका स्पोर्ट कारला माझ्या स्कूटरने मागे टाकलं. जाताना आत पाहिलं. सुमनबाई दोन्ही हात हलवून काहीतरी सांगत होत्या. भाऊ समोर पाहत मान डोलावत होते. मी हात केला तो दोघांनाही दिसला नाही.

संध्याकाळी ते चहाला आले तेव्हा मी चिडवलंच. "भाऊ, वाऱ्यासारखी पळणारी गाडी, आणि तुम्ही हे काय चालवत होता?"

भाऊंनी कप खाली ठेवला. "वैनगंगेच्या पुलावर गेलो सर. आमची बुडी बोलतच होती. एवढी बोलते हे मले माहीतच नोतं. पूल आला तवा तिचं लग्नाच्या पयल्या सालापावतरच सांगून झालं होतं. जोरात नेतो तं बाकीचं कवा आयकतो?"