कोमट रिडक्टेज

"औषध कोमट करून ठेवलंय. किती थेंब द्यायचे?" सासूबाईंनी फोनवर विचारलं.

"कुठलं औषध, आई?"

"अगं, बर्फाच्या कप्प्यातली ती इवलीशी नळी."

प्रयोगशाळेत चहा पीत असलेल्या सुनेने कप खाली ठेवला. ते औषध नाही, बाळाला त्यातला थेंबही देऊ नका, असं तिने दोनदा बजावलं.

नळीत तिचं रिडक्टेज होतं. गरोदरपणी फॉलिक अ‍ॅसिडची गोळी घेतात ना, ती शरीराला आहे तशी चालत नाही. हे एन्झाइम तिच्यावर हायड्रोजन चढवतं, तेव्हा कुठे कामाचा सहघटक तयार होतो. तो नसेल तर नवी पेशी बनायचं नाव घेत नाही. बाळंतपणाच्या रजेवरून परतल्यापासून ती हे एन्झाइम तपासायच्या मागे हात धुऊन लागली होती. पण फॉलिक अ‍ॅसिड घालायच्या आधीच हायड्रोजनचा साठा दाखवणारी यंत्रावरची रेघ घसरायची. नळीतलं भलतंच कुठलं तरी प्रथिन तो साठा फस्त करत होतं. उद्या रेघ सरळ राहिली नाही तर प्रकल्प बंद, असं प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी सांगून टाकलं होतं. त्यात प्रयोगशाळेतला फ्रीजर बिघडला, म्हणून उरलेली एकुलती एक नळी तिने घरी आणून ठेवली.

सरांचा दंडक होता, एन्झाइम बर्फाबाहेर काढायचं नाही. सासूबाईंचा दंडक होता, फ्रिजमधलं काही थंडच्या थंड बाळाच्या पोटात जायचं नाही. बिचारी नळी या दोघांच्या तावडीत सापडली.

घरी येऊन पाहते तर बाटल्या उकळलेल्या पातेल्यात नळी निवांत पहुडलेली, आणि आतला ऐवज दूध फाटावं तसा फाटलेला. परत गोठवून टाक, कोणाला कळतंय, असा सल्ला नवऱ्याने दिला. सासूबाई तर अजिबात ओशाळल्या नाहीत. गरमच केलं, विष नाही कालवलं, एवढंच म्हणून त्या बाळाला मांडीवर घेऊन बसल्या.

दुसऱ्या दिवशी तिने गुठळ्या खाली बसवल्या, वरचं नितळ पाणी घेतलं आणि सरांच्या देखत यंत्रात ठेवलं. रेघ सरळ. फॉलिक अ‍ॅसिड घातलं, तशी ती डौलात खाली उतरली. सरांनी यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. रेघेने तेच केलं.

मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला. या रिडक्टेजचं जनुक गरम पाण्याच्या झऱ्यातल्या जिवाणूचं, फक्त वाढवलेलं साध्या जिवाणूत. उष्णतेने साध्या जिवाणूची प्रथिनं फाटली, हायड्रोजन खाणारा तो चोरही त्यांच्याबरोबर गेला. झऱ्याकाठच्या पाहुण्याला मात्र सगळे इतके दिवस बर्फात गारठवत बसले होते.

"काय केलंत नेमकं?" सरांनी विचारलं.

"गरम केलं."

"किती गरम?"

हे तिलाही ठाऊक नव्हतं. संध्याकाळी ती पातेल्यात थर्मामीटर धरून सासूबाईंसमोर उभी राहिली. पाणी किती तापलं होतं, तर बोट घातल्याबरोबर काढावं लागेल इतपत. नळी किती वेळ ठेवली, तर बाळाचं नाक पुसून, लंगोट बदलून होईस्तोवर. सून एकेक तपशील टिपत होती. सासूबाईंनी बाळाला खांद्यावर घेतलं आणि विचारलं,

"ते थंड ठेवायचं, हे सांगितलं कोणी होतं तुला?"

"सरांनी."

"त्यांच्या घरी कधी मूल वाढलंय का गं?"