चौथ्या अध्यायातली डाळ

वस्तू घ्यायची ती अभ्यास करून, हा माधवरावांचा बाणा होता. जिल्हा परिषदेत एकतीस वर्षं कारकुनी करून ते निवृत्त झाले आणि घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली भिक्षुकी त्यांनी पुन्हा हाती घेतली. पण कारकुनाची सवय काही सुटली नाही. टॅब घ्यायचं मनात आलं तेव्हा त्यांनी शंभर पानी वही घातली, रेघा मारल्या आणि तीन महिने नगरमधल्या एकूण एक मोबाईलच्या दुकानात जाऊन पडदा किती इंची, बॅटरी किती तासांची, वजन किती ग्रॅमचं, हे टिपून घेतलं. एका दुकानातून तर ते रिकामं खोकं मागून घेऊन आले आणि दोन दिवस एका हातात ते धरून घरभर फिरले. शेवटी शेवटी त्यांची टोपी दिसली की दुकानदार मागच्या खोलीत जायला लागले.

टॅब आला. त्यांच्या पत्नीनं, नीलांबरीबाईंनी, तो उलटसुलट करून पाहिला.

"फोन आहे, आपल्या लेकाचा, राजसचा, जुना लॅपटॉप आहे. मग हे कशाला?"

"हे दोन्हींच्या मधलं आहे."

"मधलं म्हणजे काय करतं?"

माधवरावांच्या वहीत सगळं होतं, फक्त याचं उत्तर नव्हतं. तेव्हापासून ते टॅबला काम शोधायला लागले. पहिल्या दिवशी किराण्याची यादी त्यात लिहिली. दुकानात वाण्यासमोर उघडली तर टॅब स्वतःच्या दुरुस्तीला बसला. चक्र फिरत राहिलं, मागे रांग वाढत राहिली आणि माधवराव आठवेल ते सांगत गेले. घरी साबुदाणा आला, साखर राहिली. मग त्यांनी नीलांबरीबाईंची पाककृतींची जुनी वही त्यात उतरवून दिली. ओट्यावर टॅब उभा केला. बाईंचे हात कणकेत गेले की पडदा काळा व्हायचा. त्या हाक मारायच्या, "अहो, तुमचं ते झोपलं." मग माधवरावांनी आंघोळ अर्धी सोडून यायचं आणि त्याला जागं करायचं.

"याच्यापेक्षा वही बरी," बाई म्हणाल्या. "वहीला तुम्ही लागत नाही."

हे त्यांना फार लागलं. त्याच तिरीमिरीत त्यांना खरा उपयोग सुचला. पोथी. वडिलांच्या वेळच्या पोथीचे तुकडे पडत होते, आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तिची बारीक अक्षरं दिसत नव्हती. त्यांनी एकेका पानाचा फोटो काढला. फोटोतली अक्षरं ओळखून ती मोठ्या टायपात लावून देणारी सोय टॅबमध्ये होती. तीही वापरली. आता सगळी पानं एकसारखी, स्वच्छ, बोराएवढ्या अक्षरांत. बोट फिरवलं की पान उलटतं. माधवरावांना वाटलं, चला, पैसे वसूल झाले.

नागापूरच्या एमआयडीसीत गोरक्ष नावाच्या एका माणसाचं वर्कशॉप होतं. मूळचा पाथर्डीकडचा. आईवडिलांनी ऊसतोडीवर जाऊन त्याला आयटीआय शिकवलं, आणि आता त्याच्या शेडमध्ये पंचवीस माणसं काम करत होती. त्यानं नवीन मशीन घेतलं होतं. सकाळी सत्यनारायण, दुपारी मशीन सुरू, आणि तीन वाजता एका मोठ्या कंपनीचे साहेब पहिला नग बघायला येणार. नग पसंत पडला तर वर्षभराचं काम. पूजेला कामगार, त्यांची बायकापोरं, शेजारच्या शेडवाले अशी साठेक माणसं जमली होती. सगळ्यात पुढं, मशीनच्या शेजारी, गोरक्षची आई भीमाबाई मांडी घालून बसली होती.

माधवरावांनी पाटावर टॅब उभा केला तेव्हा कुजबुज झाली. ती त्यांना आवडली.

पूजा निर्विघ्न पार पडली. कथाही छान रंगली. फक्त बोटाला पंचामृत लागलं की पान उलटत नसे, म्हणून ते दर वेळी धोतराला बोट पुसत होते. चौथा अध्याय आला. व्यापारी घाबरलेला, नदीकाठी आलेला. माधवरावांनी आवाज चढवला. "तो धावत नावेपाशी आला, आणि आत वाकून पाहतो तो काय," असं म्हणून त्यांनी पान उलटलं आणि त्याच भरात पुढे वाचलं, "दोन वाट्या हरभऱ्याची डाळ. ती स्वच्छ धुऊन चार तास भिजत घालावी. पाणी पूर्ण निथळावे आणि मिक्सर..."

इथे त्यांची जीभ अडखळली.

पोथीचे फोटो काढत असताना स्वयंपाकघरातून बाईंनी हाक मारली होती, वाटल्या डाळीचं पान उतरवायचं राहिलंय, फाटायला आलंय, तेवढं एक घ्या. त्यांनी उठून घेतलं होतं, आणि ते बरोबर चौथ्या अध्यायाच्या मधोमध जाऊन बसलं होतं. टॅबनं त्यालाही तीच बोराएवढी अक्षरं दिली होती.

साठ माणसं हात जोडून ऐकत होती. चूक झाली म्हणायला एक क्षण पुरला असता, पण त्या क्षणी माधवरावांच्या तोंडून निघालं, "...पाट्यावर भरड वाटावी." पुढचं पान चिकटल्यासारखं हलेना. म्हणून हिंग-मोहरीची फोडणी, वरून लिंबू आणि ओलं खोबरं इथपर्यंत व्यापाऱ्याला जावंच लागलं. मग पान हललं आणि कथा मार्गाला लागली.

आरती झाल्यावर गोरक्षनं हळूच विचारलं, "गुरुजी, हे डाळीचं मी आधी कधी ऐकलं नव्हतं."

"आमची प्रत जुनी आहे," माधवराव म्हणाले.

भीमाबाईनं हे ऐकलं. ती उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "गोऱ्या, डाळ आण."

"कशाला, आई?"

"कथंत सांगितलंय ते केल्याबगर मशीन सुरू करायचं न्हाई. त्या येपाऱ्यानं देवाचं ऐकलं न्हाई म्हणून त्याचं काय झालं, आत्ताच ऐकलंस ना?"

"आई, चार तास भिजवायची आहे. आत्ता साडेबारा झाले. साहेब तीनला येणार."

"सायेब मोठा का देव मोठा?"

गोरक्षनं माधवरावांकडे पाहिलं. माधवराव शंख पुसत राहिले.

डाळ आली. साठ माणसांना दोन वाट्या कशा पुरणार म्हणून पाच किलो आली. मशीन थंड ठेवणाऱ्या कूलंटसाठी आणलेली नवी कोरी बादली धुऊन तिच्यात ती भिजत पडली आणि बादली मशीनपुढे ठेवण्यात आली. बायकांनी पाटा-वरवंट्यासाठी नागापूर गावात माणूस धाडला. तो दोन घरं हिंडून एक पाटा खांद्यावर घेऊन आला. भीमाबाई दर पाच मिनिटांनी येऊन विचारायची, "गुर्जी, त्या पाटीत बगा बरं, पाच किलोला हिंग किती लिवलाय?" माधवराव टॅब उघडायचे, गुणाकार करायचे आणि सांगायचे. घेतल्यापासून टॅबचा इतका उपयोग झाला नव्हता, आणि त्यांना तो विहिरीत टाकावासा वाटत होता.

दोन वाजले. गोरक्षच्या तोंडचं पाणी पळालं होतं. ऑपरेटर मशीनला टेकून घड्याळ बघत होता. "गुरुजी," गोरक्ष म्हणाला, "काहीतरी तोड सांगा. हे काम गेलं तर ह्या मशीनला मी काय चारू?"

त्याचा चेहरा पाहून माधवरावांच्यानं राहवेना. ते बादलीपाशी गेले.

"भीमाबाई, एक सांगायचंय. ती डाळ कथेतली नाही."

"मग?"

"माझ्या घरच्या स्वयंपाकाच्या वहीतलं पान मध्ये आलं. मी वाचून गेलो. चूक लक्षात आली, पण सांगायची लाज वाटली."

भीमाबाईनं पदराला हात पुसले. "म्हंजे बाईंच्या वहीतली हाय?"

"हो."

"आन ती प्रत जुनी हाय म्हनाला, ते?"

"वही जुनीच आहे," माधवराव खाली बघून म्हणाले.

भीमाबाई वळली आणि उसाच्या फडात या टोकाहून त्या टोकाला हाक मारायची सवय असलेल्या आवाजात म्हणाली, "गोऱ्या, कर रं मशीन चालू. देवाचं काय न्हाई. गुर्जींनी सैपाकाचं पान वाचलं व्हतं."

आधी कोणी हसलं नाही. मग शेजारच्या शेडचा वैजनाथ खोकल्यासारखं करत बाहेर गेला, आणि त्याच्यामागे निम्मी शेड.

मशीन सुरू झालं. साहेब तीनला आले, नग मोजून पाहिला, हातात फिरवला आणि पसंतीची मान हलवली. भिजलेली डाळ काही वाळत घालता येत नव्हती, म्हणून साडेचारला ती वाटली गेली, फोडणी पडली, लिंबू पिळलं. तोवर थांबलेल्या साहेबांनी दोनदा मागून घेतली. माधवरावांना मात्र एक घास गिळायला चहा लागला.

घरी आल्यावर त्यांनी वहीचं पान पोथीतून काढून टाकलं, दोनदा तपासलं, आणि नीलांबरीबाईंना एवढंच सांगितलं की पूजा चांगली झाली.

चार दिवसांनी फोन वाजला. वैजनाथ बोलत होता. त्याच्या शेडमध्ये येत्या पौर्णिमेला सत्यनारायण होता. माधवरावांचा ऊर भरून आला. एवढं होऊनही लोकांचा विश्वास कायम होता.

"येतो की," ते म्हणाले. "आणि या वेळी कागदाची पोथी आणणार. काही काळजी करू नका."

"न्हाई, गुरुजी, तसं न्हाई," वैजनाथ संकोचून म्हणाला. "पूजंला आमच्या गावाकडचे गुरुजी ठरल्यात. त्या डाळीसाठी बाईंना येता येईल का, ते विचारायचं हुतं."

माधवरावांनी फोन नीलांबरीबाईंच्या हातात दिला आणि चपला घालून बाहेर पडले.