रविवारची पस्तीस मिनिटं

कंपनीचं नवं केंद्र पुण्यात हिंजवडीला काढायचं, मुंबईला की बंगळूरला, याचा निकाल सोमवारी लागणार होता. बंगळूर ठरलं तर प्रज्ञेशची बदली नक्की होती, आणि कर्वेनगरच्या कॉलेजातली नोकरी सोडून आपण कुठेही येणार नाही, असं दीपालीने नवऱ्याला बजावलं होतं. त्यामुळे तीन शहरांचा तुलनात्मक तक्ता करायचं काम निघालं, तेव्हा प्रज्ञेशने ते हौसेने अंगावर घेतलं. घर ते ऑफिस: मुंबई दोन तास, बंगळूर पावणेदोन तास, पुणे पस्तीस मिनिटं. आकडे खोटे नव्हते. फक्त पहिले दोन सोमवारी सकाळी नऊचे होते, आणि पुण्याचा त्याने स्वतः मोटारसायकलवरून मोजला होता, रविवारी पहाटे सहाला.

बंगळूरच्या साहेबीण सरोजिनी मॅडम मूळच्या साताऱ्याच्या. निकाल द्यायला आल्या, त्या कर्वेनगरात प्रज्ञेशच्या घराजवळ बहिणीकडेच उतरल्या. "तुमच्याच गाडीतून येते," त्यांनी फोनवर सांगितलं. "पस्तीस मिनिटांचाच तर प्रश्न आहे."

सोमवारी साडेआठला निघालेली गाडी पावणेदहाला वाकडच्या पुलाअलीकडे उभी होती.

"आज काहीतरी विशेष दिसतंय," प्रज्ञेश घाम पुसत म्हणाला.

रस्त्याकडेच्या रसवंतीचा गेनबा खिडकीशी वाकला. "विशेष कसलं, सायेब? रोजचंच हाय. अकरापस्तोर काय हलत न्हाई. रस घ्या."

प्रज्ञेशला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हिंजवडीतली दहाची बैठक बुडणार म्हणून मॅडमनी एकेका मॅनेजरला फोन लावला. पाचही जण त्याच रांगेत होते, दोघे पुढे, तिघे मागे, कंपनीच्या बसमध्ये. सगळे चालत गेनबाच्या बाकड्यांवर जमले आणि वीस मिनिटांत बैठक उरकली.

"बंगळूरला माणसं दहा ठिकाणी अडकतात," मॅडम ग्लास ठेवत म्हणाल्या. "इथे सगळी एकाच ठिकाणी सापडतात. केंद्र पुण्यातच."

प्रज्ञेशला गेनबाच्या गळ्यात पडावंसं वाटलं. तेवढ्यात मॅडमनी तक्ता उघडला. "हे पुण्याचं कधी मोजलंत?"

"रविवारी," तो पुटपुटला. "पहाटे."

मॅडम खळखळून हसल्या. "असाच माणूस हवा होता मला! आमच्या जुन्या ऑफिसात येताना क्लायंट वैतागतात. त्यांनाही रस्ता पस्तीस मिनिटांचा वाटला पाहिजे. एक तारखेपासून बंगळूरला या. बढती आहे."

संध्याकाळी दीपालीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"अभिनंदन," ती म्हणाली. "बंगळूरहून कर्वेनगरला यायला किती वेळ लागतो, ते तेवढं मोजून ठेव. रविवारी पहाटे."