बिराजदार प्लॉटची एकशेविसावी आग

वर्दी क्र. ३८

सोलापूरच्या हद्दवाढ भागातल्या बिराजदार प्लॉटमध्ये एप्रिल ते डिसेंबर या नऊ महिन्यांत अवघ्या अडतीस आगी लागल्या, ही बाब वरिष्ठ कार्यालयाने अत्यंत गांभीर्याने घेतली.

बिराजदार प्लॉटच्या अग्निशमन केंद्रात एक बंब होता. तो साडेचार हजार लिटर पाणी वाहायचा. सिदू नावाचा एक ड्रायव्हर होता, तीन पाळ्यांत विभागलेले सहा फायरमन होते आणि आवारात एक भरलेली विहीर होती. तिच्यावर पाटी होती : फक्त आगीसाठी. या सगळ्याचा प्रमुख होता शिवपुत्र.

जानेवारी उजाडता उजाडता परिपत्रक आलं.

विषय : अग्निशमन केंद्रांना कामगिरीवर आधारित निधी देणेबाबत.
१. ज्या केंद्राने वर्षात किमान १२० आगी विझवल्या, तेच केंद्र गरजेचे समजण्यात येईल.
२. घटनास्थळी उपस्थित किमान दहा समाधानी नागरिकांच्या सह्या असल्याशिवाय आग विझली, असे समजण्यात येणार नाही.
३. ३१ मार्च सायंकाळी सहापर्यंत उद्दिष्ट न गाठणारे केंद्र बंद करून बंब मुख्य केंद्रात जमा करण्यात येईल.

शिवपुत्रने तिसरं कलम तीनदा वाचलं. मुख्य केंद्रातून इथं बंब यायला किती वेळ लागतो, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. अकरा वर्षांपूर्वी, हे केंद्र नव्हतं तेव्हा, इथली यंत्रमागाची एक शेड पेटली होती. शिवपुत्र त्या बंबावर होता. सात रस्ता चौकात एक मिरवणूक आडवी आली, पुढं रेल्वेचं फाटक लागलं, आणि ते पन्नास मिनिटांनी पोहोचले तेव्हा राखेवर पाणी मारण्याइतकंच काम उरलं होतं. बघ्यांतल्या एकाने विचारलं होतं, "आता हितं झाडं लावताय काय?"

त्या एका प्रश्नापायी त्याने सात वर्षं खेटे घालून हे केंद्र मंजूर करून घेतलं. मग घरोघरी जाऊन शिकवलं : सुताच्या चिंध्या मोटरीजवळ ठेवू नका, विडी शेडबाहेर ओढा. लोकांनी ऐकलं. घोळ तिथंच झाला.

"अडतीसच?" कामगिरी मूल्यमापन कक्षाच्या राजेश्वरी मॅडमनी फाईल बंद करत विचारलं.

"मॅडम, लोक आता काळजी घेतात. आम्ही शिकवलंय त्यांना."

"म्हणजे आगी तुमच्यामुळे कमी झाल्या."

"हो." शिवपुत्रची मान जराशी ताठ झाली.

"हे लेखी द्याल?"

वर्दी क्र. ३९

नऊ जानेवारीला तिसऱ्या गल्लीच्या कोपऱ्यावर कचऱ्याचा ढीग पेटला. बंब गेला, चारशे लिटरमध्ये काम झालं. सिदू पाईप गुंडाळायला लागला, तेवढ्यात शांतम्मा घागर घेऊन आडवी उभी राहिली. शांतम्मा हॉटेलांना कडक भाकरी पुरवायची. रोज दोनशे भाकरीचं पीठ मळायचं आणि नळाला पाणी पाच दिवसांआड, त्यातही चाळीस मिनिटं.

"इझली व्हय आग?"

"इझली की अम्मा."

"मग ऱ्हायलेलं पाणी कुटं नेताय?"

"परत."

"परत? अय्यो! पाणी परत नेणारी गाडी मी जन्मात बघितली न्हाय."

"ते आगीचं पाणी हाय, अम्मा."

"आगीचं म्हंजे जळकं हाय का?"

सिदूने साहेबांकडे, म्हणजे शिवपुत्रकडे बघितलं. साहेबांनी नियमावली आठवून बघितली. उरलेल्या पाण्याबद्दल तिच्यात अवाक्षर नव्हतं. शिवपुत्रने विषय बदलावा म्हणून सह्यांचं समाधानपत्र पुढे केलं. "अम्मा, हितं एक सही करा."

"सही कराया हात मोकळा पायजे अण्णा. माझ्या हातात रिकामी घागर हाय."

सिदूने पाईप घागरीत सोडला. दहा सह्यांना चार मिनिटं लागली. अकरा सह्या जास्तीच्या झाल्या. दोघांनी तर आदल्या दिवशीच्या तारखेच्याही करून देतो म्हटलं.

वर्दी क्र. ४० ते ११८

दुसऱ्या दिवशी तीन वर्द्या आल्या.

वर्दी रजिस्टरमधून :
क्र. ४०. जळालेली वस्तू : खराटा, जुना, एक. वापरलेले पाणी : अर्धा तांब्या. वाचवलेली मालमत्ता : संपूर्ण तिसरी गल्ली. समाधानी नागरिक : ४४.
क्र. ४१. जळालेली वस्तू : सायकलचा टायर. वापरलेले पाणी : एक तांब्या. समाधानी नागरिक : ६१.
क्र. ४२. जळालेली वस्तू : दुधाची पिशवी. आग बंब पोहोचण्यापूर्वीच विझल्याने नागरिकांनी ती पुन्हा लावून दिली. समाधानी नागरिक : ७०, लहान मुले धरून.

शिवपुत्रला त्या रात्री जेवण गेलं नाही. "सिदू, खोटी वर्दी देणं गुन्हा आहे रे."

"खोटी कुटं हाय सायेब? धूर बघितला न्हवं का तुमी?"

"दुधाची पिशवी होती ती!"

"मग? परिपत्रकात आगीची साईज कुटं लिवलीय?"

शिवपुत्रने परिपत्रक पुन्हा वाचलं. लिहिलेली नव्हती. त्याने केंद्राच्या भिंतीवर खडूने मोठा आकडा काढला : ७८. एवढ्या अजून पाहिजेत. केंद्र वाचलं, तर उद्याच्या खऱ्या आगीला पाच मिनिटांत बंब मिळणार होता. खऱ्या आगीसाठीच तर हे सगळं चाललं होतं.

फेब्रुवारीत कामाला शिस्त आली. प्रत्येक गल्लीला वार ठरवून दिला गेला. प्लॉटच्या मोबाईल ग्रुपवर संदेश पडू लागले : 'उद्याची गल्ली क्र. २ ची आग सकाळी नऊऐवजी साडेदहाला लागेल. बंबाचं चाक पंक्चर आहे. गैरसोयीबद्दल क्षमस्व. कृपया कुणीही परस्पर पेटवू नये. – आग नियोजन समिती.' खाली हात जोडलेली चित्रं, आणि एकाची तक्रार : 'आमच्या गल्लीच्या आगीला प्रेशर कमी येते.'

एका लग्नघरी हळदीच्या दिवशी दोनशे पाहुणे आले. नवरीच्या बापाने अर्ज करून जादा आग मागितली. समितीने विशेष बाब म्हणून दिली.

शेजारच्या नगराला हे बघवेना. त्यांनी मोर्चा काढला. 'आमच्यावर अन्याय का? आम्हालाही आग द्या!' निवडणुकीच्या तयारीत असलेल्या एका भावी नगरसेवकाने तिथल्या तिथे शब्द दिला : निवडून आल्यास घर तिथे आग. टाळ्या थांबेनात.

राजेश्वरी मॅडम पाहणीला आल्या. त्यांच्या समोर पाचव्या गल्लीत एक गोणपाट पेटवण्यात आलं, विझवण्यात आलं आणि एकशे बारा नागरिक कळश्या डोक्यावर घेऊन समाधानी झाले. मॅडमचा चेहरा उजळला.

"आगी वाढल्या आणि समाधानही वाढलं! याचा अर्थ काय होतो, शिवपुत्र?"

"काय होतो मॅडम?"

"तोच मी अहवालात विचारणार आहे. पण आलेख किती सुंदर आहे बघा."

वर्दी क्र. ११९

तीस मार्च. जळालेली वस्तू : कापूर, अर्धी वडी, बशीत. शांतम्माने काडी ओढली, सिदूने फुंकर मारली. नोझल बाहेर काढायची पद्धत कधीच बंद पडली होती. टाकीला आता खालून आठ तोट्या बसवल्या होत्या.

शिवपुत्रने भिंतीवरचा आकडा पुसून १ लिहिला.

वर्दी क्र. १२०

एकतीस मार्चला दुपारी चार वाजता फोन वाजला. पाचव्या गल्लीतला गुरुराज होता, टॉवेलच्या गोदामाचा मालक.

"अण्णा, लागली!"

"पाचव्या गल्लीला आज साडेचारची वेळ आहे ना? अर्धा तास थांबा की."

"न्हाय अण्णा. खरी लागली."

शिवपुत्रने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"खरी म्हणजे," शिवपुत्रने जपून विचारलं, "नेमकी कशी?"

बंब पाच मिनिटांत पोहोचला. रस्त्यावर साडेचारची रांग आधीच लागली होती : ड्रम, बादल्या, कळश्या, एक लहान मुलांचा टब. गोदामाच्या पत्र्यातून काळा धूर वळवळत वर चालला होता. रांगेतून टाळ्या पडल्या.

"यंदाची शेवटची हाय, म्हनून मोठी लावली बग!"

"गुरुराज आप्पा लई हौशी मानूस."

मग पत्रा तडकला आणि झळ रांगेपर्यंत आली. लोकांना पटलं. सगळ्यांनी आपापली भांडी दहा पावलं मागे घेतली, नंबर न चुकवता.

शिवपुत्रने एका नजरेत हिशोब केला. गोदामाच्या पाठची भिंत शांतम्माच्या स्वयंपाकघराची. भिंतीपलीकडे गॅसच्या दोन टाक्या. बंबात साडेचार हजार लिटर, विहिरीवर पुन्हा भरून यायला दोन तास. समाधानपत्र सहाच्या आत. पाणी रांगेला दिलं, तर केंद्र वाचतं. आगीला दिलं, तर गल्ली.

"नोझल काढ!"

"नोझल?" सिदू गडबडला. "सायेब, ती सीटखाली हाय. तिच्यावर माझा डबा ठिवलाय."

रांग बंबाभोवती गोळा झाली. "अण्णा, आमी तीनपासनं हुबं हाव."

"गोदाम पेटलंय!"

"व्हय, पर रांग आदी लागली. आग मागनं आली."

"तिचा नंबर कितवा हाय ते सांगा की!"

"अर्दं अर्दं करा," कुणीतरी तोड काढली. "अर्दं आगीला, अर्दं आमाला. भांडन नको."

शिवपुत्रने गुरुराजला दंडाला धरून पुढे ओढलं. "अहो, तुम्ही तरी सांगा यांना!"

गुरुराजने घाम पुसला. "माझाबी ड्रम हाय रांगेत. सातवा."

"तुमचं गोदाम जळतंय, गुरुराज!"

"त्याचा विमा हाय अण्णा. पान्याचा कुटं आस्तो?"

शिवपुत्रने सिदूचा डबा रस्त्यावर ठेवला, नोझल जोडली आणि पाणी सोडलं. मागे एकच आरडाओरडा झाला. "आरं, वततोय की रं समदं! जळत्या टॉवेलावर वततोय!" एक बाई डोळ्याला पदर लावून म्हणाली, तिला हे बघवत नाही. मोबाईल वर झाले. पाण्याच्या नासाडीचे व्हिडिओ निघाले. शिवपुत्र वळून बघत नव्हता. अकरा वर्षांपूर्वीच्या त्या शेडनंतर एवढ्या मोठ्या आगीला पहिल्यांदाच तो वेळेवर आला होता, आणि त्याला हसू यायला लागलं होतं. पत्र्यावरून उसळलेलं पाणी तोंडावर येत होतं आणि तो हसत होता.

वीस मिनिटांत आग विझली. गोदामाचे तीन खण वाचले, भिंत वाचली. टाकीत काही उरलं नाही.

तो समाधानपत्र घेऊन रांगेकडे गेला. रांग कागदाकडे बघेना. शेवटी शांतम्मा घरात गेली, स्वयंपाकघराच्या भिंतीला तळवा लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. बाहेर येऊन तिने सही केली. "खाली लिवा, घागर रिकामी." मग ती मागे वळली. "या रे, या हिकडं! भित माझीच न्हाय, तुमचीबी हाय!" तिच्या धाकाने सात जण आले. गुरुराजने 'विमा हक्कास बाधा न येता' असं लिहून सही केली. नऊ झाल्या. बाकीचे भांडी उचलून निघून गेले.

शिवपुत्रने मॅडमना फोन लावला.

"नऊ?" मॅडम म्हणाल्या. "कलम दोन बघा. नऊ सह्या म्हणजे आग विझलेली नाही."

"मॅडम, मी राखेत उभा आहे. गार आहे राख."

"असेल. कागदावर अजून पेटलेली आहे. सहापर्यंत विझवा."

सहाला दहा मिनिटं कमी असताना गल्ली सामसूम झाली. समोरच्या पानटपरीला टेकून एक जण मात्र अजून उभा होता. बिराजदार प्लॉटमधला नव्हता, पण अडतिसाव्या वर्दीपासून सगळं बघत आलेला, मधूनमधून हसलेलाही. चार पुस्तकं वाचलेला, समजूतदार माणूस दिसला. शिवपुत्रने कागद पुढे केला, पेनाचं टोपण काढून हातात दिलं.

"साहेब, एक सही. फक्त उपस्थित नागरिक म्हटलंय. पत्ता विचारलेला नाही."

त्या माणसाने कागद वरपासून खालपर्यंत नीट वाचला. "चांगलं काम केलंत हो," तो म्हणाला. "दोष सगळा यंत्रणेचा आहे." पेनाचं टोक दहाव्या ओळीवर टेकलं. मग बंबाकडे बघत त्याने आवाज खाली आणला. "टाकीत थोडंफार असेल ना अजून? आमच्याकडेही चार दिवस झाले."

"थेंब नाही साहेब."

"असं होय," तो म्हणाला. "मग बघू."

शिवपुत्रने तुमचं नाव विचारलं. तुम्ही ते सांगितलं नाहीत. पेन मात्र खिशाला लावून गेलात.